अठरा मिनिटांची खोली

खोलीचं सगळं काम आटोपलं की विमलताई दाराशी जाऊन पायातले बूट काढायची आणि अनवाणी पायांनी पूर्ण खोली फिरायची. पलंगाच्या या बाजूने, मग त्या बाजूने, खिडकीपर्यंत, तिथून बाथरूममध्ये. हळूहळू, तळवा पूर्ण टेकवत. आमच्या हॉटेलात हे चालत नव्हतं. ड्युटीभर काळे बूट पायात पाहिजेत असा नियम होता. साहेबांनी तिला दोनदा टोकलं. तिने दोन्ही वेळा "हव साहेब" म्हटलं आणि पुढच्या खोलीत पुन्हा बूट काढले.

मी नवीन होते तेव्हा विचारलं, "ताई, कशाला करता असं?"

"काहून म्हणजे? पाहुणा सकाळी उठते तवा का बूट घालून मोरीत जाते? अनवाणीच जाते ना व! मंग आपण बी तसंच जाऊन पाहाव. डोळ्यानं पाहिलेली खोली मी साफ नाही मानत."

एकदा लग्नाचं वऱ्हाड उतरून गेलं होतं. तीन खोल्या आम्ही झाडून, मशीन फिरवून, पुसून घेतल्या होत्या. तिसऱ्या खोलीत ती चालता चालता थांबली, वाकली आणि गालिच्याच्या काठातून काचेच्या बांगडीचा नखाएवढा तुकडा काढला. कागदात गुंडाळला, त्यावर चिकटपट्टी लावली. म्हणाली, "आता हे कचऱ्यात तसंच फेकलं तं कचरा उचलणारीच्या हातात घुसन. तिचा हात का हात नाही?"

तिचा फोटो आज आमच्या लिफ्टशेजारी लावलेला आहे. मोठा, काचेच्या चौकटीत. मला रोज त्याच्यापुढून ट्रॉली ढकलत जावं लागतं. फोटोत ती हसते आहे आणि तिच्या पायात बूट आहेत. ती चौकट उचलून जमिनीवर आपटावी असं मला रोज वाटतं. मी आपटत नाही. मी ती पुसते, कारण दुसऱ्या मजल्याच्या काचा माझ्याकडे आहेत.

विमलताई मूळची भंडाऱ्याकडची. नवरा रेल्वेत होता, तो गेल्यावर ती या हॉटेलात लागली. हॉटेल नवीन होतं तेव्हापासूनची ती एकटीच उरली होती. पंडरीच्या बाजारात कापड घ्यायला येणारे व्यापारी, भनपुरीच्या कारखान्यांत मशीन बसवायला येणारे इंजिनियर, बस्तरचे धबधबे बघायला निघालेली कुटुंबं, अशी सगळी माणसं आमच्याकडे उतरतात. खोलीत शिरताच कोण कुठून आलं ते ती ओळखायची. "हा पंडरीवाला, पाह्य ना, खुर्चीवर दोरे. आन् हे भनपुरीवाले, टॉवेलानं बूट पुसले मेल्यांनी."

मी तिच्या हाताखाली लागले तेव्हा मला बोलायची फार भीती वाटायची. अजूनही वाटते. पाहुणा समोर आला की मी ट्रॉलीच्या मागे व्हायची. साहेब म्हणाले, ही मुलगी 'गुड मॉर्निंग' म्हणत नाही, हिला काढा. विमलताई म्हणाली, "साहेब, इसका हाथ देखो. मुँह तो सबके पास है." मग तिने मला कामाला लावलं. चादरीचा कोपरा पाकिटासारखा कसा दुमडायचा, उशी हनुवटीखाली न धरता अभ्रा कसा चढवायचा, नळ आधी ओल्या आणि मग कोरड्या फडक्याने का पुसायचा. चुकलं की ओरडायची. "अव पोट्टी, चादर घालून राहिली का मासोळी पकडून राहिली?" आणि सगळ्या हसायच्या, मीसुद्धा. या हिंदी बोलणाऱ्या गावात सासरी येऊन सहा वर्षं झाली होती, पण कोणी माझ्याशी मराठीत इतकं बोललं नव्हतं. माझी लेकरंही मला हिंदीतच उत्तर देतात.

पुढे तिचे गुडघे गेले. बाथरूमची फरशी घासायला खाली बसली की उठताना टबाच्या काठाला धरून उठायची आणि तोंडाने आवाज काढायची नाही. ते मी पाहिलं. एक दिवस काही न बोलता मी तिच्या खोलीचं बाथरूम करून टाकलं. तिने काही न बोलता माझ्या खोलीचा पलंग लावून दिला. तेव्हापासून आमचं तसंच ठरून गेलं. तिची बाथरूमं मी करायची, माझे पलंग तिने लावायचे. सगळ्याच बायका जोडीजोडीने असं करत होत्या. कोणाची कंबर, कोणाचा खांदा, जिला जे जमत नाही ते दुसरीने करायचं. पण कागदावर एक खोली एक बाई असा नियम होता. प्रत्येक खोलीच्या शीटवर एकीचीच सही. जोडीने काम करताना कोणी सापडली तर दोघींना घरी पाठवायचे. म्हणून जिची खोली तीच सही करायची आणि दुसरी जिन्याकडे बघत काम करायची.

मग रिया मॅडम आली.

ती बाहेरगावच्या कॉलेजातली. हॉटेल आणि पर्यटन या विषयावर मोठा अभ्यास करत होती, त्याचं पुस्तक लिहून तिला डॉक्टर व्हायचं होतं. साहेबांनी तिला आमच्यात आणून सोडलं. लहानखुरी, गोड बोलणारी मुलगी. धुवायच्या चादरींच्या गठ्ठ्यावर बिनधास्त बसली. विमलताईने तिला विचारलं, "क्या पढ़ती हो बेटा? हॉटल में पढ़ने का क्या है?"

ती म्हणाली, खूप आहे. आणि बोटांवर मोजून सांगायला लागली. जगभर यावर अभ्यास चालतो. पाहुण्याला कसं वाटतं यावर, फोनवर लोक हॉटेलबद्दल काय लिहितात यावर, पाणी नि वीज कशी वाचवायची यावर, माणसाऐवजी मशीन ठेवता येईल का यावर, गावची संस्कृती पाहुण्यांना कशी दाखवायची यावर. "और लास्ट में, कर्मचारियों की संतुष्टि."

"मतलब हम?"

"हाँ दीदी, मतलब आप लोग."

विमलताई माझ्याकडे वळून म्हणाली, "पाह्य व. मशीनच्या बी मागून नंबर लागला आपला." मॅडमला मराठी कळलं नाही. ती आपली हसली आणि वहीत लिहिलं.

ती मुलगी पंधरा दिवस येत होती. आम्ही सगळ्या तिला टाळायचो, पण विमलताई तिच्यावर भाळली. मला तेव्हा राग यायचा, आता जास्त येतो. घरून तिच्यासाठी चिवडा आणायची, संक्रांतीचे तिळाचे लाडू आणले. मी म्हटलं, ताई, ती साहेबांची माणूस आहे. तर मलाच बोलली. "लेकरू हाये ते. परगावाहून आलं. आन् आइक, इतकी वर्षं झाली, मले काम करताना कोणी पाहिलं का कधी? खोली पाहतेत सारे. केली कोणं, कशी केली, हे पाहायले पहिल्यांदा कोणी येऊन राहिलं."

हे बोलताना तिचा चेहरा कसा झाला होता ते मला लिहिता येणार नाही.

शेवटी मॅडम म्हणाली, उद्या मला तुमचं काम पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायचं आहे, एक खोली, वेळ लावून. विमलताईने त्या दिवशी केसाला तेल लावलं, धुतलेला गणवेश इस्त्री करून घातला. दोनशे सात नंबरची खोली होती, पाहुणा सकाळीच गेलेला. मॅडम वर यायच्या आधी ताई माझ्याकडे आली. म्हणाली, "पुष्पे, तिच्यापुढं मी मोरीत बसली आन् मले उठता नाही आलं तं कसं दिसन व? तू मोरी करून ठेव."

आणि मी केली. मन लावून केली. आरसा, नळ, फरशीच्या फटी, सगळं. टॉवेल घडी करून ठेवले. माझ्या मनात काय होतं ते खरं सांगते. मला वाटत होतं, घरी पाहुणी येणार आहे. पाहुणी यायच्या आधी आपण घर आवरून ठेवतो ना, तसं. विमलताईलाही तेच वाटत होतं. पाहुणीला काम दाखवायचं म्हणजे चांगलं दाखवायचं. त्या मुलीने खुर्ची ओढून फोन हातात घेतला तेव्हा ती पाहुणी राहिली नव्हती, हे आम्हा दोघींना कळलं नाही.

ताईने पलंग लावला तो बघण्यासारखा होता. चादर एका झटक्यात हवेत गेली आणि मधोमध येऊन पडली. धूळ, टेबल, खिडकी, कचरा. बाथरूममध्ये गेली, नळ सोडला, फडकं फिरवलं आणि बाहेर आली. त्या दिवशी तिने बूट काढले नाहीत. मॅडमसमोर तिला लाज वाटली. मी बाहेर ट्रॉलीजवळ उभी होते.

"अठारह मिनट!" मॅडम ओरडली. "दीदी, अकेले?"

विमलताईने एकदा दाराकडे, माझ्याकडे पाहिलं. नियम तिला माहीत होता.

"हाँ बेटा. अकेले."

पुढच्या महिन्यात साहेबांनी सगळ्यांना खाली बोलावलं. मोठ्या साहेबांच्या हातात कागद होते. अभ्यास झाला आहे म्हणाले, आपलीच एक अनुभवी कर्मचारी अठरा मिनिटांत खोली करते, वय झालेलं असून करते, मग तरुण बायकांना पस्तीस मिनिटं का लागतात? आजपासून प्रत्येक खोलीला वीस मिनिटं. "दो मिनट तो हम अपनी तरफ़ से दे रहे हैं," असं म्हणून ते हसले. बारा खोल्यांच्या अठरा झाल्या. विमलताईला हार घातला आणि लिफ्टशेजारी उभं करून फोटो काढला.

त्यानंतर कपडे बदलायच्या खोलीत तिच्याशी कोणी धड बोललं नाही. ती आली की कोणीतरी म्हणायचं, "आली व अठरा मिनिटवाली." कोणी म्हणायचं, "दीदी, जरा गुडघे दाखवा ना, मशीनचे हायेत का?" ती खाली बघून बूट घालायची. एवढ्या तोंडाची बाई, एका शब्दाने उत्तर द्यायची नाही. ज्यांच्या लेकरांच्या आजारपणात तिने दुप्पट खोल्या केल्या होत्या त्याच बायका होत्या या. पण त्यांचं तरी काय चुकलं? जेवायची सुट्टी गेली होती. डबे तसेच घरी जात होते. शीटवर आत जायची आणि बाहेर यायची वेळ लिहावी लागते. आम्ही खोटी वेळ लिहायला लागलो. काम पस्तीस मिनिटांचं, लिहायची वीस, आणि बाकीची पंधरा आपल्या जेवणातून, आपल्या घरच्या वेळेतून भरायची.

आणि जोड्या मोडल्या. ज्याच्या त्याच्या डोक्यावर अठरा खोल्या, कोण कोणाचं बाथरूम करणार? विमलताई आता स्वतः खाली बसायची आणि टबाला धरून उठायची. मी दुसऱ्या टोकाला असायची, मला जाता येत नव्हतं.

मी तिला म्हटलं, "मी साहेबांना सांगते, मोरी मी केली होती म्हणून."

तिने माझं मनगट धरलं. "खबरदार. दोघी जाऊ. माह्या घरी मी एकटी हावो, तुह्या घरी दोन लेकरं हायेत. गप राय."

"मग या बायांना तरी सांगू द्या."

"बायांच्या पोटात राहीन का ते? संध्याकाळपरेंत साहेबाच्या कानी जाईन. तुले बोलता येत नाही ते बरं हाये व. तसंच राय."

आणि मी तशीच राहिले. मला बोलता येत नाही याचा मला जन्मभर त्रास झाला, पण त्या दिवसांत मी त्याच्या मागे लपले. हे पण लिहिलं पाहिजे.

उन्हाळ्यात एका खोलीत कोणीतरी पाण्याचा ग्लास फोडून गेलं. ती खोली विमलताईची होती, तिच्या दिवसातली पंधरावी. तिने झाडलं, पुसलं, सही केली. बूट काढून फिरायला वेळ नव्हता. दुपारी तिथे एक कुटुंब उतरलं, बस्तरला जाणारं. त्यांची सहा वर्षांची मुलगी अनवाणी बाथरूमला गेली आणि किंचाळली. सगळ्यांच्या आधी विमलताई धावली. तिने त्या पोरीचा पाय मांडीवर घेतला, काच काढली, पांढऱ्या टॉवेलात गुंडाळला. पोरीची आई ओरडत होती आणि ताई फक्त म्हणत होती, "मेरी गलती है बाई, मेरी गलती है."

मुलीच्या वडिलांनी टॉवेलाचा फोटो फोनवर टाकला. संध्याकाळी साहेबांनी ताईला बोलावलं. आपकी अब उमर हो गई, म्हणाले. कल से मत आइए.

तिने गणवेश धुऊन आणून दिला. बूट पॉलिश करून दिले. माझ्याजवळ थांबली आणि म्हणाली, "इतकी वर्षं मी पायानं पाहिलं. एक दिवस नाही पाहिलं." मी रडले नाही. माझ्या अंगाची आग होत होती.

तिला काढलं, पण फोटो काढला नाही. पाहुणे विचारतात, ये कौन हैं? तर रिसेप्शनवरचा मुलगा सांगतो, हमारी सबसे पुरानी स्टाफ, इन पर रिसर्च हुआ है.

पावसाळ्यानंतर रिया मॅडम परत आली. हातात निळ्या पुठ्ठ्याचं जाड पुस्तक, मिठाईचा डबा. विमल दीदी कुठे आहेत, त्यांना दाखवायचं आहे म्हणाली. मी तिला चादरी-टॉवेलांच्या खोलीत नेलं, दार लावलं आणि सगळं सांगितलं. माझी हिंदी तुटकी, पण सांगितलं. बाथरूम, गुडघे, अठरा खोल्या, काच.

हातातलं पुस्तक तिने गठ्ठ्यावर ठेवलं. मग ती म्हणाली, "दीदी, आपने उस दिन क्यों नहीं बताया?"

पंधरा दिवस ती आम्हाला प्रश्न विचारत होती. तुम्ही खूश आहात का, एकपासून पाचपर्यंत किती खूश आहात. तुम्हाला हॉटेल आपलं वाटतं का. जोडीदारीण कोण, गुडघे कसे आहेत, हे एकदाही विचारलं नाही. आणि आता म्हणते, सांगितलं का नाही.

मी म्हटलं, पुस्तकात बदला. ती म्हणाली, ते जमा झालं आहे. आणि वर म्हणाली, "मैंने तो सिर्फ़ लिखा, दीदी, नियम तो होटल ने बनाया." मी हिंमत करून साहेबांना विचारलं होतं एकदा, वीस मिनिटं कमी पडतात म्हणून. ते म्हणाले होते, हमने थोड़े ही बनाया, स्टडी में आया है. तिने नियम केला नाही, यांनी वेळ मोजली नाही. मग विमलताईला घरी कोणी बसवलं?

मिठाईचा डबा मी तिला परत दिला.

त्या रविवारी ताईकडे गेले. ती सामान बांधत होती, मुलीकडे भिलाईला जायचं होतं. मी मॅडमचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि चहा टाकला. मग म्हणाली, "मले वाटलं, पाहायले आली. ते तं मोजायले आली होती." चहा गाळताना म्हणाली, "पण पुष्पे, पलंग कसा लावला होता मी त्या दिवशी? खरं सांग."

मी म्हटलं, "तसा कोणाला जमत नाही, ताई."

"हव ना?" ती म्हणाली आणि हसली. मला त्या हसण्याचा सगळ्यांत जास्त राग आला. तिचा नाही, त्याचा, की एवढंसं ऐकण्यासाठी त्या बाईला इतकं द्यावं लागलं.

निघताना मी विचारलं, "ताई, आता तरी बोलू का?" तिने माझं मनगट धरलं आणि सोडून दिलं.

दोन आठवड्यांपासून मी शीटवर खरी वेळ लिहिते आहे. खोली झाली की बूट काढते, पूर्ण फिरते, मग सही करते. पस्तीस मिनिटं. कधी अडतीस. अठरा खोल्या होत नाहीत, तेराव्या खोलीशी ड्युटी संपते, तिथेच रेघ मारते. परवापासून आणखी दोघी खरी वेळ लिहायला लागल्या. त्यातली एक कपडे बदलताना एवढंच म्हणाली, "विमलताईचा फोन नंबर हाये का तुह्याजवळ?"

आज साहेबांचा निरोप आला. उद्या दहा वाजता मोठ्या साहेबांपुढे यायचं, शीट घेऊन. ते विचारतील आणि मी मागे सरायला बघेन, मला माहीत आहे. म्हणून हे सगळं ओळीने लिहून काढलं, म्हणजे आतून पक्कं होईल. कदाचित यातलं काहीच तोंडातून निघणार नाही. कदाचित परवा मी पण घरी असेन. पण एवढं एक वाक्य मी संध्याकाळपासून पोळ्या लाटताना मोठ्याने म्हणून पाहते आहे, लेकरं माझ्याकडे बघताहेत, आणि तेवढं तरी मी उद्या म्हणणार आहे. दोनशे सातचं बाथरूम मी केलं होतं.